रकाना सातवा : इतर

मंगळवारी आणि गुरुवारी मी लेम्पीबाईंकडे असते,
ब्रुकलिनमध्ये, चौथ्या मजल्यावर, जिथून बंदर दिसतं
आणि बंदरावरच्या क्रेनी, बऱ्याचशा रिकाम्या.
त्र्याण्णव वर्षांची बाई. अंघोळ, औषधं, सूप, नखं.
तासाचे पंधरा डॉलर. एजन्सी आपले वेगळे घेते.

रात्री मी कॉलेजचा तक्ता भरते.
डावीकडे सेनेगल, उजवीकडे फिनलंड,
इथं जन्मलेल्यांची मिळकत, शिक्षण,
घर स्वतःचं की भाड्याचं, एका खोलीत माणसं किती.
सर म्हणाले, आकड्यांना बोलू द्या.
आमच्याकडे आकडे दबक्या आवाजात बोलतात,
शनिवारी, पैसे पाठवायच्या खिडकीपाशी :
आजीच्या डोळ्याचे दोनशे, काकाच्या पत्र्यांचे ऐंशी.

आई एकशे सोळाव्या रस्त्यावर वेण्या घालते.
सकाळी नवाला बसलेलं गिऱ्हाईक
पाचला उठतं, डोकं जड करून,
आणि रात्री आईच्या बोटांना भाताचा घास वळता येत नाही.
बाबा दुसऱ्याची टॅक्सी चालवतात.
लूगाला आमचं घर उभं राहतंय अकरा वर्षं,
तीन मजले झालेत, जिना व्हायचाय.
ते कुठल्या रकान्यात लिहू?

आज नखं कापताना सहज विचारलं,
तुमचा जन्म कुठला?
"हार्लेम."
माझा नेलकटर थांबला.
मीही तिथलीच, म्हटलं.
"मग तुला ठाऊकच असेल, एकशे सत्ताविसावा रस्ता!
आमचा हॉल होता तिथं. नाटकं, वाफेची अंघोळ, हाणामाऱ्यासुद्धा.
आई, इम्पी, फिफ्थ अव्हेन्यूवर
एका बँकवाल्याच्या फरशा पुसायची.
त्याची बायको तिला मेरी म्हणायची.
आधीच्या बाईलाही मेरीच म्हणायची. सोय."

मग सोळा कुटुंबांनी पैसे जमवले,
वर्षभर भांडले, आणि ही इमारत बांधली.
नळ कुठं बसवायचा यावरही मतदान झालं.

म्हणजे भिशीच की!
आमच्या आईचीही आहे, बारा बायका,
रविवारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून.
आजवर तिच्यातून निघालं :
दोन बारशी, एक मयत मायदेशी,
एक फ्रीज, एक वकील.
घर नाही निघालं.

"मग तुम्हीही बांधा ना," लेम्पीबाई म्हणाल्या,
खिडकी लाव ना, म्हणावं तशा,
आणि त्यांच्या भावाची गोष्ट सांगू लागल्या :
टोइव्होनं आडनावाची शेपटी छाटली,
मागची तीन अक्षरं,
आणि पुढच्या सोमवारी विमा कंपनीत टेबल मिळालं.
हसल्या. मीही हसले. पगारात तेही येतं.

माझ्या भावाला, बिरामला,
एकाच कोपऱ्यावर तीनदा थांबवलंय पोलिसांनी.
नाव नंतर विचारलं.

हे मी बोलले नाही. पण त्या गप्प झाल्या,
माझ्या हातातल्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या,
काळ्यातला गोरा, गोऱ्यावरचे डाग,
आणि म्हणाल्या,
"हॉल विकून आम्ही इकडे आलो ना,
तेव्हा मोठी माणसं म्हणायची, तिथली वस्ती बदलली.
मी नऊ वर्षांची. मला वाटायचं, बदलली म्हणजे
रंग दिला असेल घरांना."

पुढं काही बोलल्या नाहीत.
दुपारी भाचा आला टेप घेऊन,
भिंती मोजल्या, जाहिरातीसाठी,
माझ्या पायांवरून टेप ओढत, सॉरी म्हणत.
या घराचा आकडा तो फोनवर कुणाला तरी सांगत होता.
आईच्या वेण्यांनी भागून पाहिला,
मग सोडून दिलं.

रात्री तक्ता उघडला.
सातवा रकाना, इतर.
लिहिलं : मेरी.
खोडलं. सर विचारतील, स्रोत काय?

गडबडीत नखं एकाच हाताची झाली.
डावा हात गुरुवारी.