भर, पण मापात

दुकान माझं दोन हात रुंद, किसुमूच्या बसतळामागे.
फुटकी काच बदलून मिळते, फुगलेली बॅटरी बदलून मिळते,
आणि नव्या फोनात काय घालायचं ते विचारायला
माणसं येतात, वैद्याकडे यावं तशी, जरा लाजत.

पर्सिला अवुओर लाजली नाही.
मनगटापर्यंत ओमेनाचे खवले,
लेसोच्या गाठीतून फोन काढला, अजून प्लास्टिकमध्ये,
लेकीने नैरोबीहून धाडलेला.
"भर," म्हणाली. "पण मापात. उतू घालवू नकोस."

हा पावलं मोजतो, मी म्हटलं.
"कुणाचं पावलांचं देणं लागते मी?"
हा चेहरा तरुण करतो.
तिने पाहिला स्वतःचा, बिनसुरकुतीचा, बराच वेळ.
"हिला कोण घाबरेल? उधारी बुडेल सगळी."
हा झोप मोजतो.
रात्रीच्या होड्या किनाऱ्याला लागतात पहाटे चारला.
ती काही बोलली नाही,
मीच पुसून टाकला.

राहिलं ते एवढं:
पैशांचं, कारण बाजार हल्ली नोटांना ओळख देत नाही.
वाऱ्याचं, कारण धाकटा होडीवर असतो.
"पण वारा आधी त्याला कळू दे, मग मला.
उलटं झालं तर किनाऱ्यावर उभी राहून मी करू काय?"
याला माझ्याकडे बटण नव्हतं.

टॉर्च आतच होता.
त्याला खेटून, कुणी न मागता बसलेला, कॅल्क्युलेटर.
"बेरजा मला येतात," ती म्हणाली,
आणि तरी स्टूल ओढून बसली.
कमरेचा दोरा सोडला. एकोणीस गाठी,
फिटलेल्या, न फिटलेल्या.
ती बोटाने गाठ धरायची, डबे सांगायची, भाव सांगायची,
मग रक्कम, मी दाबायच्या आधीच.
रिस्पा. बरोबर.
शाळेची खानावळ. बरोबर.
परीक्षा यंत्राची चालली होती, आणि ते पास होत होतं.

सतरावी गाठ, टर्फोसा.
तोंडी सातशे चाळीस.
काचेवर सहाशे चाळीस.
"पुन्हा दाब."
मग तिने स्वतः, अंगठ्याने, एकेक आकडा
मुंगी चिरडावी तसा.
सहाशे चाळीस.

"भांडून घेतले होते मी ते," ती दोऱ्याला म्हणाली.
"भर बाजारात. तिच्या आईपर्यंत गेले."
मग मला: "हे काढून टाकता येतं?"
नाही, म्हटलं. हे फोनबरोबरच येतं.

दोन बस सुटल्या. तिसरीचा पोऱ्या ओरडत होता.
टर्फोसाचा नंबर माझ्याकडे होता, काच बदलली होती तिची.
"शंभर पाठव. सोबत काही लिहिता येतं?"
येतं.
तिने दोरा पुन्हा कमरेला बांधला, सावकाश,
बांधून झाल्यावर म्हणाली,
"लिही, गाठ चुकली."

निघताना विचारलं, माझे किती.
मी सांगितले.
तिने फोन काढला, आणि करून बघितलं.