प्रयोजन

महापेला चौथ्या मजल्यावर बसते मी. किल्ल्या नाहीत माझ्याकडे,
एक रकाना आहे. त्याच्या डोक्यावर लिहिलंय: प्रयोजन.
पलीकडे अडीच लाख अहवाल,
रक्ताचे, लघवीचे, काचपट्टीवरच्या गाठींचे.

बिलवाल्यांना रक्कम दिसते, आजार नाही.
संशोधनवाल्यांना वय दिसतं, तालुका दिसतो,
नावाच्या जागी सहा फुल्या.
पुण्याचा फैजल मुकादम आणि माझ्या शेजारची कृत्तिका
दिवसभर एकाच बाईच्या फाइलवर काम करतात
आणि दोघांना दोन वेगळ्या बायका दिसतात.
खरी बाई कळव्याला कुठेतरी कुकर लावत असेल.

सुरुवातीला चिडले सगळे.
एकाच टीममध्ये ना आपण? विश्वास नाही का?
विश्वास आहे, म्हटलं. काम सांगा.
आमच्या तळवलीच्या घरी आत्या दारात हात आडवा लावून
हेच विचारायची: कनाला आयलास?
काम सांगितलं की आत.
नाही सांगितलं तरी चहा मिळायचा, पण ओट्यावर.

मंगळवारी रात्री पावणेबाराला निनाद मढवीची विनंती आली.
अहवालाचा क्रमांक. प्रयोजन: इतर.
खाली, "मेव्हणीचा आहे. ती घरात काही बोलत नाही. फक्त बघू दे."
त्या 'फक्त'कडे मी बराच वेळ बघत बसले.
मग नकार दाबला, आणि त्याला फोन केला.
तिलाच विचार, म्हटलं.
तो गप्प. मागे टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

आता माझंही सांगते.
दोन वर्षांपूर्वी, या रकान्याला दात फुटले नव्हते तेव्हा,
आईच्या गाठीचा अहवाल मी तिच्याआधी उघडला.
प्रयोजन: प्रणाली चाचणी.
नोंद अजून तिथेच आहे, तारीखवेळेसकट.
ती पुसायचा अधिकार मी कुणालाच दिलेला नाही, मलाही नाही.
अकरा दिवस मी तिच्यासमोर बसून भात कालवत राहिले.

बाबांच्या ट्रंकेत आजोबांच्या नावची नोटीस आहे.
गट, गुंठे, चतुःसीमा,
आणि शेवटच्या ओळीत: प्रयोजन, सार्वजनिक.
एवढंच.
कुणाचं, कशासाठी, किती वर्षांपुरतं,
विचारायला रकाना नव्हता. अंगठ्याला जागा होती.
त्या खाचरावर आता आमची इमारत आहे,
किंवा तिचं पार्किंग. बाबांना नक्की दाखवता येत नाही.

म्हणून माझ्याकडे एक शब्द चालत नाही.
पुरं वाक्य लागतं, क्रियापदासकट,
आणि ते काम कधी संपणार, ती तारीख.
त्या दिवशी दार आपोआप लागतं.

कृत्तिका विचारत होती, यादीतून 'इतर' काढून टाकू?
सगळे तिथेच घुसतात.
राहू दे, म्हटलं.
निनादने निदान खरं लिहिलं होतं.