गो, नो-गो

सातपूरला, चौथ्या गल्लीतल्या कारखान्यात
मी दिवसाला आठशे बुशिंगं तपासतो.
हातात गेज. एक टोक गो, दुसरं नो-गो.
गो भोकात शिरलं पाहिजे,
नो-गो शिरता कामा नये.
एवढंच काम, आणि त्यावरच घर चालतं.
दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं
की माल लाल पेटीत.
सुपरवायझर म्हणतो, जाऊ दे रे गांगुर्डे, गाडी थांबलीय.
मी म्हणतो, नाही जात.

आणि रात्री सिडकोत, घरी,
मोरीचं दार लावून, नळ सोडून
मी रमी खेळायचो.
पत्ते पिसायला हात लागत नाहीत तिथे,
काचेखाली कुणीतरी पिसतं.
आपण फक्त अंगठा द्यायचा,
सावकाराच्या कागदावर देतात तसा.

आधी पन्नास.
मग ते पन्नास सोडवायला दोनशे,
दोनशे सोडवायला
चिन्मयीच्या स्केटिंगच्या फीचे अठराशे.
हरलो की वाटायचं, आता पाळी माझीच.
जिंकलो की वाटायचं, बघा, म्हटलं नव्हतं?
एकदा नऊ हजार आले होते.
ते नऊ हजार मी अजून
तोंडपाठ म्हणून दाखवतो.
गेलेल्यांची यादी विचारू नका.

हर्षलाला कळत नाही असं मी धरून चाललो होतो.
एका रात्री ती दाराबाहेरून म्हणाली,
नळ कशाला सोडतोस?
पत्त्यांना आवाज नसतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
डबा न उघडता
मी तपासणीचा कोरा तक्ता घेतला.
वस्तू: गांगुर्डे दौलत.
प्रत्यक्ष माप: एक्केचाळीस हजार तीनशे साठ.
कमाल मर्यादा:
तिथे पेन थांबलं.
चौकट रिकामी.
ड्रॉइंगवर आकडाच नसेल
तर कुठला माल नापास करणार?

रविवारी गोदावरीवर गेलो.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याशी पाणी होतं.
शेजारी पितळी भांड्यांचा एक दुकानदार,
कमरेवर हात ठेवून बघत उभा.
म्हटलं, माल हलवणार का?
तर म्हणाला, कमरेला लागलं की.
आणि गळ्याला लागलं तर?
तो हसला.
गळ्याला लागल्यावर हलवायला काय राहतं, भाऊ?

तिथेच पायरीवर बसून मी मोबाईल काढला.
कोपऱ्यात, आत, अजून आत,
मर्यादेचं पान सापडलं.
इतकं आत ठेवलेलं,
जसं देवळात चपलांचं स्टँड मागच्या बाजूला असतं.
महिन्याला तीनशे. दिवसाला अर्धा तास.
खाली लिहिलं होतं,
कमी केलीत तर लगेच लागू,
वाढवायची तर सात दिवस थांबा.
हे सात दिवस कुणी ठरवले माहीत नाही,
त्याच्या घरीही कुणी नळ सोडत असेल.

आज एकोणीस तारीख.
तीनशे सोळालाच संपले.
हर्षला झोपलीय, चिन्मयीचे स्केट दारामागे,
मोरीत टपटप कोरडीशी,
तोटीचा वायसर बदलायचा राहिलाय.
पडदा करडा झालेला.
मी अंगठा ठेवतो.
जरा दाबतो. पुन्हा दाबतो,
खोटं कशाला बोलू.

शिरत नाही.

नो-गो शिरत नाही
म्हणजे माल पास.
निदान ही बॅच.