कोरा नमुना

फॉर्मवर एक रकाना असतो: ठिकाण निवडण्याचं कारण.
मी लिहिते, इथे काही नाही.
लेंगरे, तालुका खानापूर, जिल्हा सांगली.
अणुभट्टी नाही, धुराडं नाही,
हमरस्ता टेकाडापलीकडे, ते बरंच;
डिझेलचा धूर फार म्हातारा,
त्यातलं सगळं कधीच विझून गेलेलं,
तो आकडा उगाच पातळ करतो.

"काही न्हाई कसं?" कोंडाबाई मेटकरी म्हणते,
"माझ्या बावीस शेळ्या हायत की."

तिच्या शेळ्यांच्या आधी मला बाभळीचा पाला हवा असतो,
दर मार्गशीर्षात, त्याच झाडाचा,
उन्हाच्या बाजूचा, अर्धा किलो.
शेळ्यांनाही नेमका तोच हवा असतो.

ज्या भट्टीसाठी हा पाला न्यायचा
ती इथून दोन दिवसांच्या रेल्वेवर.
तिच्या पोटात जड पाणी.
त्या पाण्यातल्या दहा हजार ऑक्सिजनांत
चारेक जण सतरा वजनाचे.
त्यांतल्या एखाद्याला न्यूट्रॉन येऊन बसतो,
तो चाराचं ओझं फेकून देतो
आणि उरतो कार्बन,
चौदा वजनाचा, आतून अस्वस्थ.
ही अस्वस्थता निम्मी व्हायलाच
पाच हजार सातशे तीस वर्षं.
वायू होऊन तो धुराड्याबाहेर पडतो.
रंग नाही, वास नाही.
पान त्याला नाव विचारत नाही,
बाकीच्यांसारखाच साखरेत घालतं.

आबा तीस वर्षं कोइमतूरला, गलाईच्या दुकानात.
त्यांचीही भट्टी होती, वीतभर.
तेजाबानं पिवळी पडलेली बोटं
निवृत्त होऊनही बरीच वर्षं पिवळीच होती.
त्यांना मी त्यांच्या हिशेबानं सांगते:
पाला जाळायचा, धूर धरायचा,
धुराचं बेंझिन करायचं, कुपीत भरून
काळ्याकुट्ट पेटीत ठेवायचं.
आत एक अणू मोडला की एक ठिणगी.
डोळ्याला दिसत नाही, यंत्र मोजतं.
"म्हणजे कस लावता."
हो आबा, कसच.
"मग आपल्या बाभळीचा किती?"
एका ग्रॅम कार्बनाला मिनिटाला तेरा, साडेतेरा ठिणग्या.

आबा बराच वेळ दाराकडे बघतात.
"तू तर काही नाही म्हणालीस."

मग आभाळ काढावं लागतं.
वर, फार वर, ताऱ्यांकडून आलेले किरण हवेवर आपटतात,
तिथं हा चौदावा बनत आलाय
माणूस नव्हता तेव्हापासून.
ते तेरा सगळ्यांचे. तुमचे, माझे, बाभळीचे.
भट्टीच्या कुंपणालगतच्या शेवरीला पंधरा भरतात,
वारा तिकडून असला तर सोळा.
वरचे दोन-अडीच तेवढे भट्टीचे.
घाबरण्याइतके नाहीत.
लिहून ठेवण्याइतके आहेत.
आणि वजाबाकी करायची तर
खाली लिहायला एक गाव लागतं.

आबा हसतात, खोकतात.
"शंभर टच सोनं मी जन्मात पाहिलं नाही," म्हणतात,
"गिऱ्हाइकाला शंभर सांगायचो.
वहीत मात्र नव्व्याण्णव पूर्णांक नव्वद."

यंदा पोचायला उशीर झाला.
खालच्या फांद्या शेळ्यांनी ओरबाडलेल्या,
काटे तेवढे शिल्लक.
कोंडाबाईनं आकडीनं वरची डहाळी वाकवली,
मी तोडत गेले, मनगटावर दोन ओरखडे.
"हितलं मोजून तिकडचं पाप कळतं व्हय?"
पाप नाही मावशी, फरक.
"त्येच म्हणती मी."

पिशवीवर तारीख घातली, वजन घातलं,
आणि दरवर्षीसारखा तो शब्द: कोरा.
तिनं चूल फुंकली.
"च्या कोरा दिऊ का दुधाचा?"
तिची पाटी शेळी माझ्या झाडाला
मागच्या दोन पायांवर उभी,
उरलेलं खात.

दुधाचा, म्हटलं.