मोडलेल्या सौद्यांची वही

शाहूपुरीत, गूळ मार्केटच्या मागच्या अंगाला,
मगदूमअण्णांच्या पेढीवर मी तीन महिने बसून होते.
लॅपटॉपखाली बारदान, बारदानाखाली मुंगळे.
मालकांनी सांगितलेलं : अण्णांच्या डोक्यातलं सगळं
मशीनमध्ये उतरवा, पाडव्याच्या मुहूर्ताआधी.

अण्णांच्या डोक्यात एका वेळी अकरा सौदे उघडे असत.
वडणग्याच्या शेलारांचे चाळीस रवे, भाव ठरलाय, तोल बाकी.
निगव्याचा एकजण, तोल झालाय, भावावर अडलाय.
कुणी नुसतंच ‘बघतो’ म्हणून मिसळ खायला गेलेला.
अण्णा कुणालाच पुन्हा पहिल्यापासून विचारत नसत.
माणूस उंबऱ्यात दिसला की
वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढं.

मी त्याला नाव दिलं : सत्र.
प्रत्येक गिऱ्हाइकामागं एक घटक, फक्त त्याचाच,
आठवण धरून बसलेला.
गर्दी वाढून मेमरी भरत आली की
सुस्त बसलेल्यांना गुंडाळून डिस्कवर ठेवायचं,
हाक आली की उठवायचं, घडी न विस्कटता.
“हे मी करतोयच की गं,” अण्णा म्हणाले
आणि गादीच्या कडेच्या चिठ्ठ्या दाखवल्या,
उडू नयेत म्हणून
प्रत्येकीवर गुळाचा एकेक खडा.

मग व्यवहार.
तोल, भाव, आडत, हमाली, तोलाई,
शेतकऱ्याची पट्टी, गिऱ्हाइकाचं खातं.
सात ठिकाणी सात नोंदी, आणि त्या सातही एका श्वासात.
सहावी अडखळली तर आधीच्या पाचही माघारी,
जणू काटा हललाच नव्हता.

तालमीला खराच सौदा घेतला, निगव्याचा.
सातव्या नोंदीला लाइट गेली.
यूपीएसनं आधीच मान टाकलेली.
दोन तासांनी परत आली तेव्हा मी धडधडत उघडलं :
एक पैसा अर्धवट नाही, एक रवा हवेत नाही,
खाती जशीच्या तशी.
मी टाळी वाजवली. खरंच वाजवली.

अण्णा हसले नाहीत.
“आन् तो? चारपर्यंत थांबला, टेम्पो भरून परत नेला.
भाव पटलेला. हातावर हात पडलेला.
ते कुठं गेलं?”
झालंच नाही ते, अण्णा.
“झालं न्हाई कसं? मोडलं.”

गल्ल्याखालून त्यांनी एक वही काढली,
पोराच्या दप्तरातली असावी तशी, दुरेघी.
पेन्सिलीनं तारीख, नाव, रवे किती, कशावरून मोडलं.
पावशेरासाठी.
भावाभावांचं भांडण, माल तसाच परत.
शब्द उलटा लागला.
माझी चूक.
रकमेच्या जागी शून्यसुद्धा नाही, आडवी रेघ.
“पैशाच्या वहीत ह्याला जागा न्हाई, बरोबर हाय तुझं.
पन पुढल्या साली तो आला
तर चहा आधी सांगायचा, भाव मागनं.
हे कुणी ध्यानात ठेवायचं?”

त्या रात्री राजारामपुरीच्या खोलीवर
मी आणखी एक व्यवहार लिहिला,
मोठ्याच्या पोटातून निघणारा, पण त्याच्याशी न बांधलेला.
मोठा माघारी फिरला तरी
हा आपला आपण पक्का होणारा.
एक तक्ता, चार रकाने.
चौथ्याचं नाव ठेवलं ‘कशावरून’.

पाडव्याला पहिला सौदा एका दमात बसला. हार, पेढे, फोटो.
मार्चमध्ये सांगलीहून हिशेबतपासनीस आले,
सगळं जुळलं, आणि मग :
“हा तक्ता कसला? यात तर एका पैशाची उलाढाल नाही.”
मी पहिली नोंद उघडली, हातानं घातलेली.
निगवे. बत्तीस रवे.
कशावरून : लाइट, आणि मी.

ते बराच वेळ वाचत राहिले.
त्यांच्या हिरव्या पेनाला
टिक करायला तिथं जागा सापडेना.