देठ

बाटलीवर नाव: त्सेंडसुरेन. वय सेहेचाळीस. दक्षिण गोबी.
खाली नर्सचं तिरकं अक्षर:
गर्भाशयमुख, पॉलिप, एक. अधूनमधून रक्त.

उलानबातरात आज उणे एकतीस.
गेल्या जानेवारीत जीपच्या टपावरून आलेला एक नमुना
वाटेतच गोठला होता.
काचपट्टीवर पेशींच्या मधे नुसती भोकं,
आमच्या आधी बर्फाने वाचून
मधली पानं फाडून नेल्यासारखी.
डॉक्टर ओयुंगेरेलनी तीनदा पाहिलं, चष्मा काढला,
लिहिलं: मत देता येत नाही.
त्या बाईचं पुढे काय झालं
ते आमच्या खिडकीपर्यंत आलं नाही.

म्हणून यंदा पुरेवदोर्ज ड्रायव्हरला मी आधीच दटावलं.
सहाशे किलोमीटर त्याने ही बाटली
अंगातल्या देलच्या आत, पोटाशी धरून आणली.
हातात घेतली तर कोमट,
आणि फॉर्मालिनपेक्षा मेंढीचाच वास जास्त.

सात मिलिमीटर. लालसर, गुळगुळीत.
आरूलच्या चुऱ्यात एखादा खडा उरतो, तेवढा.
आणि देठ.
मेणात बसवताना देठ वाकडा गेला
तर पात्याला डोकं सापडतं, मूळ नाही.
माझी पहिली दोन वर्षं यातच गेली.

चार मायक्रॉनचा काप कोमट पाण्यावर पसरला.
सायीला फुंकर घालावी इतका श्वास सोडून
मी तो काचेवर घेतला.

निळी केंद्रकं, बाकी सगळं गुलाबी.
फुगलेल्या ग्रंथी, त्यांत साचलेला चिकट स्राव,
देठात जाड भिंतींच्या रक्तवाहिन्या,
कडेला जराशी सूज.
रांग कुणी मोडलेली नाही.

डॉक्टर म्हणाल्या, लिही:
साधा पॉलिप. कर्करोग आढळला नाही.
आढळला नाही.
नुसतं 'नाही' आम्ही कधीच लिहीत नाही.
कापात जेवढं आलं तेवढ्याचीच जबान.

पुढच्या गुरुवारी पुरेवदोर्ज खिडकीशी, टोपी हातात.
"ती बरी आहे ना?"
ती कोण, हे त्यालाही ठाऊक नाही.
सांगायची मुभा नाही मला.
पाकीट चिकटवून दिलं.
त्याने ते देलच्या आत सरकवलं, पोटाशी.

कागद गोठत नाही रे, मी म्हटलं.
असू दे, म्हणाला,
लागलीय सवय.