मार्चअखेर

सकाळी सहाला कल्याणी ड्यूटीवर गेली.
जाताना डब्यांवर बोट ठेवून सांगून गेली,
हा दहाचा, हा बाराचा,
आणि हा अगदीच रडारड झाली तर.
तिसरा डबा साडेआठलाच संपला.

आमच्या धायरीत टँकर येतो अकराच्या सुमाराला.
तोवर खिडकीपाशी दोन स्टुलं.
निळा येणार की हिरवा?
आधी ओळखेल तो राजा.
हा खेळ मला वीस मिनिटं देतो.
वीस मिनिटांत कटारियाशेठच्या गुळाची
चौदा बिलं लागतात,
पंधरावं कधीच नाही.

मग सगळ्या उशा खाली येतात
आणि हॉलमध्ये कात्रजचा घाट तयार होतो.
बोगदा माझ्या खुर्चीखाली.
मी पाय वर घेऊन बेरजा करतो,
कारण खालून एसटी जायची असते
आणि ड्रायव्हर दोन वर्षांचा आहे.
मार्केट यार्डातून शेठ विचारतात,
"मागं कोण ओरडतंय हो?"
"ट्रॅफिक," मी म्हणतो.
खोटं नाही ते.

मोबाइल द्यायचा नाही, हे आम्ही दिवाळीत ठरवलं.
ठरवलं तेव्हा दोघंही सुट्टीवर होतो.

शेवटी ड्रॉवरच्या तळातून दोन शिक्के काढले,
आधीच्या ऑफिसचे.
ते बंद पडलं तेव्हा पगाराऐवजी
एवढंच हातात राहिलेलं.
जांभळं पॅड खडखडीत वाळलेलं,
चार थेंब पाणी टाकलं तर जिवंत झालं.
एकावर मिळाले. ते शाल्मलीला वाचता येतं.
दुसऱ्यावर रद्द.
जोडाक्षरं त्यांना जूननंतर आहेत.
"बाबा, यावर काय लिहिलंय?"
फोन कानाला होता माझ्या.
म्हटलं, "छान. छान लिहिलंय. जा."

पाऊण तास.
देवा, अख्खा पाऊण तास!
ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला.
इतकी शांतता होती
की मला तिची भीती वाटायला हवी होती.

बाहेर आलो तर
फ्रिज रद्द.
खिडकी रद्द, दोन्ही स्टुलं रद्द.
आईचा ड्यूटीचा पांढरा कोट, खिशापाशी, रद्द.
देवांगच्या बेंबीभोवती
गोल गोल रद्द रद्द रद्द,
आणि तो हसून हसून उचकी लागलेला.
कचऱ्याच्या डब्यावर तेवढं, जरा वाकडं, मिळाले.
भिंतीवर लग्नाचा फोटो,
काचेवर, बरोबर माझ्या तोंडावर,
रद्द.

घर भाड्याचं. मालक न सांगता येतात.
मी ओरडलो.
कोटासाठी ओरडलो, रंगासाठी ओरडलो,
मग एकतीस तारखेसाठी, शेठसाठी,
त्या ऑफिससाठी,
सगळं तिच्या साडेचार वर्षांच्या अंगावर.

ती रडली नाही.
शिक्का पाठीमागे धरून म्हणाली,
"पण मी तुला छान दिलं होतं.
उशीवर चढून दिलं."

तीनला कल्याणी आली.
चपला काढायच्या आधी सगळं घर वाचलं तिनं.
मी सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं.
मग पर्समधून स्पिरिट काढलं,
कापसाच्या बोळ्यानं फ्रिज पुसला, स्टुलं पुसली,
देवांगचं पोट पुसताना पुन्हा उचकी.
कोट भिजत घातला.
फोटोपाशी आली आणि बोळा टाकून दिला.
"हा राहू दे," म्हणाली,
आणि हसत खालीच बसली, घाटातल्या एका उशीवर.

शाल्मली झोपली होती,
बोटं जांभळी, ओठांपाशी थोडं जांभळं.
मी पंधरावं बिल उघडलं.
सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला,
उद्या टँकर येणार नाही.